एका घरातली दोन पोटं

१९३४ साली हिल्डे ब्रुख नावाची तिशीची एक डॉक्टर न्यूयॉर्कला पोचली. जन्मानं जर्मन, ज्यू. हिटलर सत्तेवर आला त्याच वर्षी तिनं देश सोडला होता, मधलं वर्ष इंग्लंडमध्ये काढलं होतं. अमेरिकेत तेव्हा महामंदी चालू होती, फुकट सूप मिळणाऱ्या ठिकाणी रांगा लागत होत्या. आणि अशा शहरात ब्रुखबाईंना जिकडेतिकडे लठ्ठ मुलं दिसत होती! युरोपात त्यांनी इतकी कधी पाहिली नव्हती.

त्या काळच्या डॉक्टरांकडे याचं तयार उत्तर होतं: ग्रंथी. १९०१ साली व्हिएन्नाच्या आल्फ्रेड फ्रोलिश यांनी पिट्युटरी ग्रंथीजवळ गाठ झालेल्या एका लठ्ठ मुलाची केस प्रसिद्ध केली होती. तेव्हापासून जाड मुलगा दवाखान्यात आला, की त्याच्यावर फ्रोलिशचा शिक्का बसायचा. आईबापांनाही हे बरं वाटायचं. ग्रंथी बिघडली म्हटल्यावर कुणाचीच चूक नाही.

ब्रुखबाईंनी न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमध्ये अशी मुलं तपासायला घेतली. ग्रंथीत बिघाड असता तर वाढ खुंटायला हवी होती, वयात येणं लांबायला हवं होतं. ही मुलं तर वयाच्या मानानं उंच होती, वयातही वेळेवर किंवा थोडी लवकरच येत होती. म्हणजे ग्रंथी निर्दोष. १९३९ पासून त्यांचे हे निबंध येऊ लागले आणि ग्रंथींचा सिद्धांत मोडीत निघाला.

पण मग आरोपीच्या पिंजऱ्यात कुणाला उभं करायचं? १९४० मध्ये ग्रेस टूरेन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात ब्रुखबाईंनी या मुलांच्या घरांचं चित्र मांडलं. बहुतेक कुटुंबं बाहेरून येऊन स्थायिक झालेली. आयांचं स्वतःचं बालपण गरिबीत, भीतीत गेलेलं. वडील घरात असून नसल्यासारखे. अशी आई मुलाला जवळ धरून ठेवते, घराबाहेर खेळू देत नाही आणि मनात जे द्यायला नाही, ते ताटात वाढते, असा एकूण सूर. उपाशीपण पाहिलेल्या माणसाला भरलेलं ताट म्हणजे काय वाटतं, हे त्यांनी अचूक टिपलं होतं. निकाल मात्र घाईचा होता. कारण एक साधा प्रश्न शिल्लक राहतोच: त्याच आईचं, त्याच स्वयंपाकघरातलं दुसरं मूल सडपातळ कसं?

यानंतरची निदान चाळीस वर्षं लठ्ठ मुलाची आई डॉक्टरसमोर बसली, की काहीही बोलायच्या आत दोषी ठरत होती.

*

गंमत म्हणजे आईला खोलीबाहेर ठेवून केलेला एक प्रयोग त्याआधीच झाला होता. आहारशास्त्राच्या इतिहासातला माझा हा सर्वांत आवडता प्रयोग.

१९२६ साली क्लीव्हलँडच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये क्लारा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुकतंच आईचं दूध सुटलेली, सहा ते अकरा महिन्यांची बाळं ठेवून घेतली. त्या काळचे डॉक्टर बाळाचा आहार औंसांत मोजून लिहून देत. मूल खात नसेल तर जबरदस्ती करा, असा सल्ला असे. डेव्हिसबाईंनी नेमकं उलट केलं. एकूण तीस-पस्तीस पदार्थांची यादी बनवली: दूध, आंबवलेलं दूध, अंडी, सफरचंद, केळी, बीट, गाजर, पालक, बटाटा, ओट, बार्ली, मासे, चिकन, कलेजी, गुर्दा, भेजा, नळीतला मगज. मीठ वेगळ्या वाटीत. साखर नाही, लोणी नाही, डबाबंद काही नाही. प्रत्येक जेवणाला यातल्या बऱ्याच वाट्या बाळासमोर ठेवायच्या. नर्सनं चमचा धरून गप्प बसायचं. बाळानं बोट दाखवलं किंवा हात घातला, तर त्या वाटीतला एक चमचा द्यायचा. ‘हे खा’ नाही, ‘ते नको’ नाही, कौतुक नाही, डोळे वटारणं नाही. आधी आणि नंतर प्रत्येक वाटीचं वजन.

पुढे हा प्रयोग शिकागोत गेला. एकूण पंधरा मुलं, कुणी सहा महिने, कुणी साडेचार वर्षं. कुठल्याही दोन मुलांची निवड सारखी नव्हती. एखादं मूल नाश्त्याला कलेजी आणि भरपूर संत्र्याचा रस घ्यायचं, तर एखादं रात्री अंडी, केळी आणि दूध. कुठल्याही आजीनं कपाळावर हात मारला असता. एका मुलाला मुडदूस झाला होता, त्याच्या ताटात कॉड माशाच्या तेलाची वाटी ठेवली. हाडं बरी होईपर्यंत ते मूल मन मानेल तसं तेल घेत राहिलं, बरं झाल्यावर त्यानं ते घेणं सोडलं. सगळी मुलं धडधाकट वाढली.

यातून ‘मुलाला सगळं कळतं’ हा निष्कर्ष लोकांनी लगेच उचलला. १९४६ मध्ये डॉ. स्पॉक यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकातून तो घराघरांत गेला. डेव्हिसबाई स्वतः जास्त सावध होत्या. १९३९ साली कॅनडातल्या डॉक्टरांसमोर बोलताना त्यांनी सांगून टाकलं, की यात युक्ती असलीच तर ती यादीत आहे. समोर वाईट काही ठेवलंच नव्हतं, मग मुलं वाईट निवडणार कशी? पुढचा प्रयोग त्यांना प्रक्रिया केलेले पदार्थ ठेवून करायचा होता. मंदीमुळे पैसे आटले आणि तो राहून गेला.

*

आईची खरी सुटका झाली डेन्मार्कमधल्या कागदपत्रांमुळे. तिथं १९२४ ते १९४७ या काळात दत्तक गेलेल्या मुलांची नोंदवही होती, जन्मदात्यांसकट. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आल्बर्ट स्टंकार्ड आणि डॅनिश सहकाऱ्यांनी त्यातली ५४० मोठी झालेली माणसं निवडली, अगदी बारीक ते लठ्ठ अशा चार गटांत. १९८६ मध्ये निकाल आला: त्यांची अंगकाठी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांनी वाढवलं, भरवलं, त्यांच्याशी काहीच संबंध दिसेना.

एवढ्यावर ‘सगळं जनुकांत आहे’ म्हणून मोकळं होता आलं असतं, बरेच जण झालेही. पण एका पिढीत जनुकं बदलत नाहीत. वर्गातल्या लठ्ठ मुलांची संख्या मात्र एका पिढीत वाढली. वारशात नक्की येतं काय? चरबी, की आणखी काही?

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या जेन वॉर्डल यांनी पैज लावली ती भुकेवर. २००१ मध्ये त्यांनी चार-पाच वर्षांच्या ४२८ मुलांचा अभ्यास छापला. काहींचे दोन्ही पालक जाड, काहींचे दोन्ही सडपातळ. जाड पालकांच्या मुलांना तेलकट-तुपकट चव जास्त आवडत होती, भाज्या कमी आवडत होत्या आणि त्यांच्या खाण्यात अतिखाण्याकडे कल जास्त होता. त्याच वर्षी वॉर्डल यांच्या गटानं पालकांसाठी ३५ प्रश्नांची एक प्रश्नावली केली: पदार्थ दिसला की मूल मागतं का, लवकर पोट भरतं का, हळू जेवतं का, रडू आलं की खातं का. साधे प्रश्न आहेत, आपल्याकडच्या कुठल्याही मावशीला उत्तरं तोंडपाठ असतील. पण ‘हावरट’ आणि ‘किरकिऱ्या’ या शिव्यांचं मोजमाप करता येईल असं रूप प्रथमच मिळालं. २००७ मध्ये वजनाशी जोडलेलं एफटीओ जनुक सापडलं. ज्या मुलांत त्याचा धोक्याचा प्रकार होता, त्यांना पोट भरल्याची जाणीव कमी होते, हे वॉर्डल यांच्या गटानं पुढच्याच वर्षी दाखवलं.

मग आली जुळी. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००७ साली जन्मलेल्या जुळ्यांची २,४०२ कुटुंबं त्यांनी गोळा केली. अभ्यासाचं नाव ‘जेमिनी’, म्हणजे आपली मिथुन रास. बाळं नुसत्या दुधावर होती तेव्हाच प्रत्येकाची भूक नोंदवली. एकसारखी न दिसणारी, भुकेत फरक असलेली जुळी वेगळी काढली. दुधाकडे जास्त ओढ घेणारं भावंडं सहा महिन्यांचं असताना दुसऱ्यापेक्षा सरासरी ६५० ग्रॅमनं जड होतं, पंधरा महिन्यांचं असताना जवळजवळ एक किलोनं. आई तीच, घर तेच, जन्मवेळही तीच.

अजून एक गोष्ट अशा अभ्यासांतून दिसली, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. एकाच घरात पालक दोन मुलांशी दोन तऱ्हांनी वागतात. जे खात नाही त्याच्या मागे लागतात, जे मागत राहतं त्याला अडवतात. ब्रुखबाईंनी आईचं वागणं पाहिलं आणि ते कारण मानलं. ते बऱ्याच अंशी मुलाच्या भुकेला दिलेलं उत्तरही असू शकतं.

म्हणून घरानं काहीच फरक पडत नाही असं नाही. लीअन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी एका बालवाडीत टेबलाच्या मधोमध पारदर्शक बरणीत बिस्किटं ठेवली आणि ती खायला ठरावीक वेळच ठेवली. मुलं बरणीबद्दल जास्त बोलू लागली, जास्त मागू लागली. त्यांच्याच १९८४ च्या प्रयोगात ‘हे प्यायलास तर बक्षीस’ म्हटलेलं पेय मुलांना आधीपेक्षा कमी आवडू लागलं. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ या वाक्यानं आपल्याकडे किती पिढ्यांना भाजी नावडती केली असेल, कोण जाणे!

आपल्याकडे या सगळ्याला आणखी एक पेच आहे. १९९३ मध्ये केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्या बाजूंनी लहान, स्नायू कमी. पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच. बारीक दिसणारं, आतून मेदाळ बाळ. मोठेपणीच्या मधुमेहाची तयारी इथून होते, असं याज्ञिक सांगत आले आहेत. अशा बाळाकडे पाहून घरातल्यांना एकच गोष्ट सुचते: किती वाळलाय, भरवा त्याला. काऊचा घास, चिऊचा घास, मग मोबाइल दाखवून आणखी चार घास.

आणि भरवणारे हात कुणाचे असतात? आज सत्तरीच्या आसपास असलेल्या कितीतरी आज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिलाय. दुष्काळी कामावर खडी फोडलीय, सुकडी खाल्लीय, अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी थापल्यात. न्यूयॉर्कमधल्या त्या आयांना या आज्या लगेच ओळखतील. पोट भरलं असं नातू सांगत नाही, ताट पुढे करतो आणि त्यात चौथी पोळी पडते. शेजारची धाकटी अर्धी पोळी कुस्करून उठते. तिच्यामागे वाटी घेऊन अंगणभर फिरणारी आजीही तीच.