ब्रह्मदेशातील साग: यंत्र की हत्ती?

१/ १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशातील सागावर मोठी झाली. रंगूनच्या गिरण्यांत वाफेवरच्या करवती चालत. जंगलात मात्र ओंडके हत्तीच ओढत.

२/ ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून बुंध्याभोवती खोल खाच घेऊन झाड उभेच वाळू देत. दोन-तीन वर्षांनी तोडत. हत्तींनी ओढ्यात आणलेले ओंडके पावसाळी पुराबरोबर नदीला लागत.

३/ तोडण्याजोगी झाडे दूरदूर विखुरलेली असत. यंत्राला तेथवर रस्ता लागला असता, रस्त्यासाठी आणखी झाडे पडली असती. हत्तीला पायवाट पुरे.

४/ साधन साधे होते, पण सागाची हाव मोठी होती. याच कंपनीवरील दंडाचा वाद १८८५च्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. पदच्युत थिबा राजा १९१६ साली रत्नागिरीत, नजरकैदेतच निवर्तला.