कीटकांचे पंख (वर्ध्याच्या पऱ्हाटीतील)

कीटकांच्या बहुतेक गणांची नावे पंखांवरूनच पडली आहेत. नावाच्या शेवटी येणारे ‘प्टेरा’ हे पद ‘पंख’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. वर्धा जिल्ह्यात यांतले बरेच गण पऱ्हाटीच्या एकाच वावरात पाहायला मिळतात.

पांढरी माशी ही मुळात माशीच नव्हे. खऱ्या माशीला (गण डिप्टेरा) उडण्याचे दोनच पंख असतात; मागच्या जोडीच्या जागी बारीक गाठी उरतात आणि त्या उडताना तोल सांभाळतात. पांढऱ्या माशीला मात्र चार पंख असतात, तेही मेणचट भुकटीने माखलेले. ती हेमिप्टेरा गणातली, म्हणजे मावा-तुडतुड्यांच्या नात्यातली. याच गणातला लाल ढेकूण फुटलेल्या बोंडावर हमखास सापडतो. त्याचा पुढचा पंख जवळून पाहावा : बुडाकडचा भाग चिवट व लाल, त्यावर एक काळा ठिपका आणि टोकाला पातळ काळा पडदा. अशा अर्ध्या जाड पंखावरूनच गणाला ‘अर्धपंखी’ अर्थाचे नाव मिळाले.

फुलकिडा (थायसॅनोप्टेरा) जेमतेम मिलिमीटरभर. त्याचे पंख म्हणजे अरुंद पट्टी आणि कडेला केसांची झालर. एवढ्या लहान जिवाला हवाच दाट भासते, त्यामुळे ही झालरही वल्ह्यासारखी पुरते.

2017 च्या हंगामात विदर्भातील कपाशीची दैना करणाऱ्या गुलाबी बोंडअळीचा पतंग लेपिडोप्टेरातला. कामगंध सापळ्यातला पतंग चिमटीत धरला, की बोटांना करडी भुकटी लागते. ते त्याच्या पंखांवरचे खवले. मागचा पंख पुढच्यापेक्षा रुंद असून त्याला लांब केसांची किनार असते.

मित्रकीटकही पंखांवरून ओळखू येतात. लेडीबर्ड भुंगेऱ्याचे (कोलिऑप्टेरा) पुढचे पंख टणक ढाली बनले आहेत. उडण्याचे पंख त्यांखाली घडी घालून ठेवलेले असतात. हिरव्या क्रायसोपाचे (न्यूरॉप्टेरा) जाळीदार पंख बसताना छपरासारखे उतरते राहतात. मधमाशीचे (हायमेनॉप्टेरा) पुढचे-मागचे पंख बारीक आकड्यांनी जोडले जाऊन एकत्र हलतात. चतुर (ओडोनाटा) मात्र आपले चारही पंख वेगवेगळे हलवू शकतो आणि ते पाठीवर दुमडू शकत नाही.

मावा बहुधा बिनपंखांचा असतो. झाडावर दाटी झाली की पंखवाली पिढी निपजते. म्हणून पानामागे दिसलेल्या किडीवर फवारा मारण्याआधी भिंग लावून तिचे पंख जरूर पाहावेत. पंख नसले, तरी तीही ओळखीची एक खूणच आहे.