सभासदनिष्ठा : ताळेबंदात न दिसणारी ठेव

सोलापूर - सहकारी संस्थेच्या ताळेबंदात भागभांडवल, राखीव निधी, ठेवी, येणी-देणी या सर्वांची नोंद असते. सभासदांच्या निष्ठेसाठी मात्र त्यात रकाना नसतो. तरीही संस्था अडचणीत आली की तिला तारते ती हीच ठेव. साखर कारखाने, नागरी बँका, पतसंस्था आणि गृहनिर्माण संस्थांचे दाट जाळे असलेल्या सोलापूर जिल्ह्यात ही निष्ठा कशाने जुळते आणि कशाने तुटते, हे म्हणूनच जाणून घ्यायला हवे.

कायद्याने दिलेला मान

सभासद हा संस्थेचा ग्राहक नव्हे, तर मालक असतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 नुसार भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच. लाभांशावरही साधारणपणे 15 टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे केवळ भांडवलावरील परताव्याचे आमिष दाखवून सभासदाला बांधून ठेवता येत नाही. उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सभासद नोंदवही आणि सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त विनाशुल्क पाहण्याचा हक्क कायद्यानेच त्याला दिला आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घेणेही बंधनकारक आहे. 2013 च्या दुरुस्तीने 'क्रियाशील सभासद' ही संकल्पना आणून पाच वर्षांत किमान एका सभेला उपस्थित राहण्याची अपेक्षा व्यक्त केली. पुढे ही तरतूद वादाचा विषय ठरली. नियमाने हजेरी लावता येते, आपुलकी लावता येत नाही, हेच त्यातून दिसून आले.

रॉचडेलचा धडा

इंग्लंडमधील रॉचडेल येथे 1844 मध्ये 28 जणांनी सहकारी दुकान सुरू केले. त्यांत विणकरही होते. उरलेला नफा भागांच्या नव्हे, तर खरेदीच्या प्रमाणात वाटायचा, हे त्यांच्या कारभाराचे सूत्र होते. जो संस्थेशी जितका व्यवहार करील, तितका त्याचा वाटा. कोल्हापूरच्या 'गोकुळ'कडून दिवाळीत दूध उत्पादकांना मिळणारा दूधदराचा 'फरक' याच सूत्राचे मराठी रूप म्हणता येईल. येथे भेटवस्तू दिली जात नाही. सभासदाने घातलेल्या दुधाचा हिशेब पूर्ण केला जातो.

उसाची कसोटी

साखर कारखान्यांची संख्या मोठी असलेल्या सोलापूर जिल्ह्यात या निष्ठेची परीक्षा दर हंगामात होते. 1984 च्या आदेशाने आखलेली झोनबंदी 1990 च्या दशकात उठली आणि शेतकऱ्याला ऊस कोठे घालायचा याचे स्वातंत्र्य मिळाले. पुढे खासगी कारखान्यांची स्पर्धा वाढली. ऊस नियंत्रण आदेश, 1966 नुसार उसाचे पैसे 14 दिवसांत देणे आवश्यक आहे; विलंब झाल्यास 15 टक्के दराने व्याजाची तरतूद आहे. तोडीची तारीख, काट्यावरचे वजन आणि बिलाची वेळ या तीन बाबींवर विश्वास बसला नाही, तर सवलतीच्या दरातील दिवाळीची साखरही सभासदाला रोखू शकत नाही. सभासदाचाच ऊस दुसऱ्या गव्हाणीत पडू लागला, तर कारखान्याचे गाळप घटते, प्रतिटन खर्च वाढतो आणि देणी आणखी लांबतात.

विडी कामगारांची ओळख

निष्ठेचे वेगळे उदाहरण शहरालगतच्या कुंभारी येथे आहे. कॉम्रेड गोदावरी परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या 10 हजार घरांचे हस्तांतरण 1 सप्टेंबर 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते झाले. घराच्या 60 हजार रुपये खर्चात केंद्राचे 20 हजार, राज्याचे 20 हजार आणि कामगाराचे 20 हजार असा वाटा होता. तुटपुंज्या मजुरीतून ही रक्कम उभी करणे आणि घराची वाट पाहत संस्थेत टिकून राहणे सोपे नव्हते. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील कामगार संघटनेचे पाठबळ त्यामागे होते. याच परिसरातील 'रे नगर' या 30 हजार घरांच्या प्रकल्पातील पहिली 15 हजार घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्त झाली. स्वतःचा वाटा, त्याची नोंद आणि पदरात पडलेले फळ, या तिन्ही गोष्टी जुळल्यामुळे पुढच्या संस्थेवर विश्वास ठेवणे कामगारांना शक्य झाले.

संस्थांना काय करता येईल?

- सभासदाच्या व्यवहाराचा सविस्तर उतारा दरवर्षी घरपोच द्यावा.
- अहवाल सभेच्या पुरेसा आधी मिळावा आणि प्रश्नांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत.
- पूर्वभागात तेलुगू, सीमेलगत कन्नड बोलली जाते. सभेची सूचना सभासदाला समजेल अशा भाषेत असावी.
- सत्कार केवळ मोठ्या ठेवीदारांचा नको; नियमित परतफेड करणारे छोटे कर्जदार आणि वर्षानुवर्षे व्यवहार करणाऱ्या महिला सभासदही त्यास पात्र आहेत.
- देणी थकली असतील, तर कारण आणि मुदत संस्थेनेच प्रथम सांगावी. बातमी बाहेरून कळली, की विश्वास प्रथम जातो.

शाल-श्रीफळाने सभासदाचा एक दिवस साजरा होतो. चोख वजन, वेळेवर मिळालेले पैसे आणि सभेत ऐकून घेतलेला प्रश्न यांतून मात्र संस्था आपली असल्याची खात्री त्याला पटते.