सहा महिने थांबा, असं का म्हणायचे?

नवं पिल्लू घरी आलं की एक सल्ला हमखास मिळतो : "आत्ता खेळू दे, सहा महिन्यांचं झालं की मग शिकवा." ऐकायला किती मायेचा वाटतो! पण त्याचा इतिहास पाहिला, तर मायेपेक्षा साखळीच जास्त दिसते.

कुत्र्यांना पद्धतशीर शिकवण्याची आधुनिक रीत बरीचशी पोलीस आणि लष्करी कुत्र्यांवरून आली. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचं पुस्तक १९१० साली निघालं आणि पुढे अनेक वर्षं वापरात राहिलं. त्यात शाबासकी होती, तशी छडी आणि काटेरी पट्टाही होता. नंतर घरच्या कुत्र्यांसाठीही गळा आवळणारी साखळी रूढ झाली. चुकलं की हिसका. अमेरिकेतले विल्यम कोहलर यांचं १९६२ चं गाजलेलं पुस्तक याच वाटेवरचं. असा हिसका दोन महिन्यांच्या पिल्लाची कोवळी मान कशी सोसणार? म्हणून सहा महिने थांबायचं. ते वय शिकण्याचं नव्हतं, मार सोसण्याचं होतं.

त्याच सुमारास अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर पिल्लांचा अभ्यास करत होते. पाच जातींची पिल्लं त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली आणि १९६५ साली ग्रंथ लिहिला. माणसांशी आणि जगाशी नातं जुळण्याचा खरा काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा, असं त्यांना आढळलं. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे! दार केव्हाच लोटलेलं असतं.

याच प्रयोगशाळेतला १९६१ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग वाचून मन कळवळतं. काही पिल्लं आईसह कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवली. त्यातली काही वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांत आणली. पण ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती रानटी जनावरासारखी बुजरी झाली. आपल्याला मिळालेल्या या ज्ञानाची किंमत त्या मुक्या जिवांनी मोजली आहे. निदान ते वाया तरी जाऊ नये.

मग कोवळ्या पिल्लाला शिकवायचं कसं? बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात साधी युक्ती सांगितली होती : हवं ते केलं की लगेच टिक्-टिक् खेळण्याचा आवाज करायचा आणि घास द्यायचा. घरोघरी ही रीत पोहोचायला मात्र फार वर्षं लागली. १९८० च्या दशकात पशुवैद्य इयान डनबर यांनी कॅलिफोर्नियात लहान पिल्लांचे वर्ग सुरू केले, तेव्हा साखळीची गरजच उरली नाही.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बांधणं, मारणं, अवयव छेदणं, जास्त भार लादणं आणि अन्नपाणी रोखणं. गोठ्यातल्या जनावरांसाठी म्हणून आपण ते पाठ करतो. पण दिवसभर साखळीला बांधलेलं, छडीनं 'शहाणं' केलेलं, शोभेसाठी शेपूट कापलेलं कुत्रं त्यात बसत नाही का? शेवटचा अतिचार तर बक्षिसाच्या रीतीलाही लागू पडतो. उपाशी ठेवून घास दाखवणं ही शिकवण नव्हे. त्याच्याच रोजच्या वाटणीतले चार घास बाजूला काढले की भागतं.

तेव्हा पिल्लू आठ आठवडे आईजवळ राहू द्या आणि घरी आलं की पहिल्याच दिवसापासून शिकवा. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, छत्री, आजोबांची काठी यांची हलकेच ओळख करून द्या. लशी पूर्ण व्हायच्या असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना विचारून त्याला कडेवर घेऊन बाहेरचं जग दाखवा. झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर लगेच शी-शूच्या जागी न्या आणि तिथेच कौतुक करा. घरात चुकून ओलं केलं तर मुकाट्यानं पुसून टाका. ओरडलात तर ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि मग पलंगाखाली जातं.