वंगण आणि गाळ

लांबच्या वाटेला निघालेला गाडीवान पूर्वी गाडीखाली वंगणाचे नळकांडे टांगल्यावाचून घर सोडीत नसे. चाक कुरकुरू लागले की तो गाडी थांबवी, आसाला वंगण लावी आणि पुढे जाई. वंगण केव्हा लावावे हे त्याला कोणी लिहून दिलेले नव्हते. चाकाची कुरकुर हीच त्याची मुदत होती. मोटारीच्या इंजिनाची गोष्ट निराळी आहे. ते कुरकुरत नाही, आणि ज्या दिवशी कुरकुरते त्या दिवशी वंगणाचा काही उपयोग उरलेला नसतो. म्हणून मोटारीच्या युगात कुरकुरीच्या जागी आकडा आला: इतके मैल झाले की तेल बदला. हा आकडा कसा आला आणि तो माणसाला कसा फसवू शकतो, याची हकीकत आज सांगावयाची आहे.

मला ती प्रथम कळली जबलपुरात, कांचघर वस्तीतल्या एका लहानशा कार्यशाळेत. दहाएक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कार्यालयात होतो तेथील पेट्रोलची मोटार एके दिवशी जानेवारीच्या थंडीत रस्त्यातच आवाज करून बंद पडली. ती ओढून कांचघरला नेली. मिस्त्री आमच्यापैकीच, मराठी बोलणारे. उभी हयात वाहन निर्माणीत काढून निवृत्त झालेले. त्यांनी इंजिनावरचे टॅपेट कव्हर उचलले आणि मला जवळ बोलावले. आत तेल दिसतच नव्हते. दिसत होता तो डांबरासारखा काळा, दाट गाळ. खालचे चेंबर उघडले, तर तेल शोषून घेणारी जाळी त्याच गाळाने लिंपली होती. बेअरिंगपर्यंत तेल पोहोचलेच नव्हते.

मी म्हणालो, “काका, ही मोटार फार चाललेली नाही. तेल बदलल्यावर हिचे सहा हजार किलोमीटरही झालेले नाहीत.”

ते म्हणाले, “साहेब, किलोमीटर राहू द्या. तेल बदलून महिने किती झाले, ते सांगा.”

तीन वर्षे झाली होती. ती मोटार सकाळी दोन किलोमीटर जाई, दुपारी दोन, संध्याकाळी दोन. आणि मधल्या वेळात इंजिन चालू ठेवून उभी राही. चालकाने दोनदा तेल बदलण्याची मागणी लिहून दिली होती. तिच्यावर शेरा होता, “विहित किलोमीटर पूर्ण झाल्यावर सादर करावे.” खाली सही माझी होती.

या गाळाचा उगम पाहावयाचा तर शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. आरंभीच्या मोटारींना गाडीवानाचे एरंडेलही चालले. 1909 साली इंग्लंडमध्ये वेकफील्ड यांच्या कंपनीने ‘कॅस्ट्रॉल’ या नावाने तेल विकावयास काढले. त्या नावात ‘कॅस्टर’ म्हणजे एरंडच आहे. पहिल्या महायुद्धातील कित्येक विमानांची इंजिने एरंडेलावर चालली. एरंडेल धातूला घट्ट धरून राहते, हा त्याचा गुण. परंतु तापून तापून ते चिकट होते व डिंकासारखे बसते, हा दोष. म्हणून मोटारीत खनिज तेल स्थिरावले. 1908 साली निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीत तेलाचा पंप नव्हता, गाळणीही नव्हती. फिरत्या चाकाने उडवलेले तेल जेथे जाईल तेथे जाई. धूळ, काजळी, धातूचा कीस, सारे त्याच तेलात साचे. तेव्हा दर पाचशे ते हजार मैलांना तेल ओतून टाकणे, हाच त्या काळी इलाज होता.

1923 साली अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्घ या अमेरिकन संशोधकांनी मोटारीच्या तेलासाठी गाळणी तयार केली. तिला त्यांनी ‘प्युरोलेटर’ हे नाव दिले आणि पुढच्याच वर्षी क्रायस्लर मोटारीत ती दिसू लागली. या पहिल्या गाळण्यांतून एका वेळी तेलाचा थोडासाच अंश जाई. सारे तेल गाळून मगच बेअरिंगकडे पाठवण्याची रीत सर्वत्र रूढ व्हावयास दुसरे महायुद्ध उलटावे लागले. परंतु गाळणीला मर्यादा आहे. चहाच्या गाळणीत पत्ती अडते, साखर अडत नाही. तसाच इंजिनातला कीस फिल्टरमध्ये अडतो, पण तेलात मिसळलेले पाणी, पेट्रोल आणि आम्ल अडत नाही. शिवाय फिल्टर तुंबला तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून त्यात एक झडप ठेवलेली असते. ती उघडली की तेल न गाळताच पुढे जाते. बाहेरून पाहणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही.

पुढची पायरी डिझेलने गाठावयास लावली. 1930 नंतर कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांत पिस्टनच्या रिंगा काजळीने जखडून बसू लागल्या. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने 1935 च्या सुमारास तेलात साबणाच्या जातीचे द्रव्य मिसळून पाहिले आणि रिंगा मोकळ्या राहिल्या. 1941 साली अमेरिकन सैन्याने आपल्या वाहनांसाठी अशा मळ धुणाऱ्या तेलाचे प्रमाण ठरवले आणि महायुद्धाबरोबर ते जगभर गेले. येथे एक गंमत झाली. जुने तेल डिपस्टिकवर स्वच्छ दिसे, कारण मळ खाली चेंबरात बसलेला असे. नवे तेल थोड्याच दिवसांत काळे पडू लागले, आणि लोक म्हणू लागले की तेल वाईट आहे. कपडा धुतल्यावर बादलीतले पाणी काळे झाले तर साबणाला कोणी नावे ठेवीत नाही. पण इंजिनाच्या बाबतीत ही साधी गोष्ट पटावयास बरीच वर्षे गेली. काळे तेल मळ उचलून धरते. मात्र त्याची धरण्याची शक्ती अमर्याद नाही. ती संपली की धरलेला मळ ते सोडून देते, आणि तोच गाळ.

जबलपूर शहराला हा इतिहास परका नाही. येथील तोफगाडी कारखाना 1904 सालचा. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक 1959 मध्ये याच कारखान्यात बनू लागला, आणि पुढे 1969 मध्ये त्यासाठी स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली. 1996 पर्यंत शक्तिमान येथे घडत होता. हिमालयाच्या घाटांत तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या ट्रकचे मैल थोडे भरतात. इंजिनाचे कष्ट मात्र भरपूर होतात. आमचे मिस्त्री त्या इंजिनांवर वाढलेले, म्हणूनच त्यांनी किलोमीटर बाजूला सारून महिने विचारले. तेलाच्या बाबतीतही देश तेव्हा आपल्या पायांवर उभा राहू पाहत होता. वंगणाचे मूळ तेल पुष्कळसे परदेशांतून येई. 1969 मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे ‘ल्यूब इंडिया’ने ते काढावयास आरंभ केला, आणि 1972 मध्ये इंडियन ऑइलने ‘सर्वो’ तेल बाजारात आणले.

आता आमच्या मोटारीकडे वळू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरवाटे जाते. थोडे रिंगांच्या फटींतून खाली तेलात उतरते. इंजिन नीट तापले तर तेथूनही त्याची वाफ होते आणि ती निघून जाते. पूर्वी ही वाफ जाण्यासाठी इंजिनाखाली एक नळी असे. वाहत्या हवेने ती ओढली जाई; मोटार उभी राहिली की ओढ थांबे. 1960 नंतर अमेरिकेत झडपेची योजना आली. तिने ही वाफ इंजिनातच परत खेचून जाळली जाऊ लागली. पण दोन किलोमीटर जाऊन थांबणाऱ्या मोटारीचे तेल तापतच नाही. पाणी तेथेच राहते, न जळलेले पेट्रोल त्यात मिसळते, काजळी येऊन मिळते, आणि महिन्यामागून महिने हे मिश्रण घट्ट होत जाते. म्हणजे अंतर जितके थोडे, तितका किलोमीटरचा आकडा अधिक खोटा. 1980 नंतर युरोपातही काळ्या गाळाने अनेक इंजिने निकामी केली, आणि 1988 च्या अमेरिकन तेलप्रमाणात गाळाविरुद्ध अधिक कडक कसोट्या घालाव्या लागल्या.

म्हणूनच आज तेल पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले असूनही मोटारीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दोन अटी असतात. बहुतेक पेट्रोल मोटारींना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. धुळीत, थोड्या अंतरावर किंवा उभ्या-उभ्या चालणाऱ्या मोटारीला त्याहूनही लवकर. तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. अन्यथा नव्या तेलाचा प्रवास जुन्या मळातूनच सुरू होतो. ज्या इंजिनात गाळ आधीच साचला आहे त्याला पहिली एक-दोन बदली लवकर द्यावी, कारण नवे तेल जुना गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन अडतो.

आमच्या नियमावलीने यातील पहिली अट उचलली होती, दुसरी वगळली होती. आणि पुस्तिका उघडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. चालकाला मात्र इंजिनाच्या आवाजावरून काहीतरी कळले होते. गाडीवानाचा कान त्याच्यापाशी शिल्लक होता. दोन-चार लिटर तेल वाचवण्याच्या नादात सरकारचे एक इंजिन गेले, आणि नोंदवही मात्र शेवटच्या दिवसापर्यंत निर्दोष राहिली.

त्यानंतर मी वाहनाच्या नोंदवहीत किलोमीटरच्या रकान्याशेजारी तारखेचा एक रकाना आखून घेतला, आणि चालकाची मागणी आली की कागद बाजूला ठेवून आधी त्यालाच बोलावू लागलो. आपल्या घरी मोटार असेल आणि ती फारशी चालत नसेल, तर तेल केव्हा बदलले याची तारीख आज एकदा पाहून घ्यावी, एवढीच विनंती.