पहिल्या तीन दिवसांचे दूध

गाय किंवा म्हैस व्याली आणि तिचा चीक घरात आला, की आपल्याकडे खरवस होतो. गूळ, वेलदोडे घालून तो उकडतात, त्याच्या वड्या शेजारीपाजारी जातात. वासराला आधी चीक मिळाला पाहिजे, नाहीतर ते तग धरीत नाही, हेही गोठ्यात वावरलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु त्याच घरातली लेक किंवा सून बाळंत झाली म्हणजे तिचा पिवळसर, दाट चीक मात्र जड, बाळाला बाधणारा असे ठरवून पिळून टाकण्याची चाल आपल्या पुष्कळ घरांत होती. तोवर बाळाच्या तोंडात मधाचे बोट किंवा गुळाचे पाणी. गोठ्यातले शहाणपण बाळंतिणीच्या खोलीपर्यंत का पोचले नाही, हा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय घरगुती आहे. पण त्याचा इतिहास दोन हजार वर्षांचा आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

ही चाल निव्वळ अडाणी बायकांची, असे म्हणून सुटण्याची सोय नाही. तिला मोठमोठ्या ग्रंथांचा आधार होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात असे सांगितले आहे की, बाळंतिणीला दूध येते ते तिसऱ्या किंवा चौथ्या रात्रीनंतर. म्हणून तोपर्यंत बाळाला मध, तूप व औषधी द्रव्ये चाटवावीत. चरकसंहितेत याहून थोडा निराळा क्रम आढळतो. तेथे जातकर्मात मध-तूप चाटवल्यावर आधी उजवा स्तन देण्यास सांगितले आहे. म्हणजे आपल्या शास्त्रकारांतही या बाबतीत एकवाक्यता नव्हती.

आता दूर पश्चिमेकडे पाहू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरेनस नावाचा ग्रीक वैद्य स्त्रियांच्या व बालकांच्या आरोग्यावर अधिकाराने लिहीत होता. बाळंतपणाने आईचे शरीर क्षुब्ध झालेले असते, तिचे दूध दाट व पचावयास जड असते. सबब पहिले वीस दिवस ते बाळाला देऊ नये, असा त्याचा सल्ला. आईने बाळाला लगेच पाजावे असे म्हणणारा डॅमॅस्टिस नावाचा एक वैद्य होऊन गेला होता. सोरेनसने त्याला दोष दिला. आणि या अवधीत सोरेनसनेही बाळाला चाटवले काय, तर मध! पुढे दीड हजार वर्षे युरोपात बहुतेक हेच मत चालले.

या वैद्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. वार सुटून पडल्यावर आईच्या शरीरातील काही स्राव एकाएकी कमी होतात आणि त्यानंतर साधारण दोन ते चार दिवसांत दूध भरपूर उतरू लागते. सुश्रुताने दिलेली मुदत आजच्या शास्त्राशी जुळते. चुकले ते अनुमान. दूध भरून येत नाही तोवर जे थेंब येतात ते कुचकामाचे, असा निष्कर्ष त्यातून काढला गेला. वास्तविक पहिल्या दिवशी सबंध दिवसाचा चीक काही चमचेच भरतो आणि नवजात बाळाच्या इवल्याशा पोटाला तेवढाच पुरतो. शिवाय बाळ जितके ओढते तितके दूध अधिक तयार होते, हा या व्यवहाराचा मूळ नियम. बाळाला दूर ठेवले तर दूध उशिरा येते. आले की छाती दगडासारखी होते, ताप भरतो. मग त्या तापाचाही दोष दुधालाच!

युरोपात हे मत बदलले ते अठराव्या शतकात. लंडनला टाकून दिलेल्या मुलांसाठी एक मोठे अनाथालय होते. त्याच्या एका विश्वस्ताला विल्यम कॅडोगन या डॉक्टराने बालसंगोपनावर लिहिलेले पत्र १७४८ साली पुस्तकरूपाने छापले गेले. जन्मल्याबरोबर मुलाच्या घशात लोणी-साखर कोंबण्याच्या चालीवर त्याने टीका केली. आईचे पहिले दूधच बाळाचे पोट साफ करते, असे त्याने सांगितले. मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट यांनी १७७३ साली, लवकर पाजल्याने आईचा दूधज्वर टळतो हे आग्रहाने मांडले. मात्र याच कॅडोगनने हेही लिहिले की, मुलांची निगा फार काळ बायकांच्या हाती राहिली हेच अनर्थाचे मूळ. ती आता जाणत्या पुरुषांनी हाती घ्यावी. ज्याने आईला तिचे दूध परत मिळवून दिले, त्यानेच तिच्या हातचा अधिकार काढून घेतला. पुढच्या इतिहासात याचे परिणाम दिसतात.

चिकात नेमके असते काय, याचा उलगडा होण्यास आणखी शंभर-सव्वाशे वर्षे लागली. १८९२ साली जर्मनीत पाउल एर्लिख यांनी उंदरांच्या पिलांची अदलाबदल केली. विष पचवण्याची शक्ती अंगी आलेल्या मादीचे दूध परक्या पिलांना पाजले, तेव्हा ती शक्ती पिलांतही उतरली. १९२२ साली अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी वासरांवर प्रयोग केला. ज्यांना चीक मिळाला ती वासरे जगली. ज्यांना तो मिळाला नाही त्यांतली बहुतेक काही दिवसांत मेली. आपल्या गोठ्यातील म्हातारा गडी जे सांगत होता तेच प्रयोगशाळेने सिद्ध केले. माणसाच्या मुलाची स्थिती थोडी वेगळी असते. त्याला रक्तातले पुष्कळसे संरक्षण जन्माआधीच वारेतून मिळते. आतड्याचे संरक्षण मात्र चिकातून येते. स्वीडनचे लार्स हॅन्सन यांनी १९६१ साली आईच्या दुधातील या रक्षक द्रव्याचे विशेष रूप ओळखले. हे द्रव्य बाळाच्या आतड्याला आतून जणू अस्तर लावते, आणि ते सर्वांत दाट असते पहिल्या दिवसांच्या दुधात. आपण पिळून टाकत होतो ते हेच. मधाची गोष्ट उलट निघाली. मधातून क्वचित एका घातक जंतूचे बीज बाळाच्या पोटात जाते, हे १९७६ नंतर कळले. म्हणून वर्षाच्या आत मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात.

इतके ज्ञान हाती आल्यावर प्रश्न सुटावयास हवा होता. पण विसाव्या शतकात बाळंतपण घरातून इस्पितळात गेले आणि तेथे घड्याळ आले. बाळे वेगळ्या दालनात, आई वेगळ्या खाटेवर. दर चार तासांनी पाजणे, मध्ये बाळ रडले तर रडू द्यावे. न्यूझीलंडच्या ट्रूबी किंग यांची अशी शिस्त इंग्रजी जगात दूरवर गेली. मधल्या वेळात बाटली होतीच. डब्याच्या दुधाचा इतिहास हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. येथे एवढेच सांगतो की, जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली त्याच्या विक्रीवर आचारसंहिता घातली आणि भारताने १९९२ साली कायदा करून त्याच्या जाहिरातीला बंदी केली.

आता एक हिशेब पाहा. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात शंभरातील जवळजवळ ८९ बाळंतपणे दवाखान्यांत झाली. पण जन्मानंतर तासाभरात आईच्या अंगावर घेतलेली मुले शंभरात सुमारे ४२ होती. याचा अर्थ काय? चीक टाकणारी सुईण आता बहुतेक ठिकाणी उरलेली नाही. तरीही निम्म्याहून अधिक बाळांचा पहिला तास हुकतो. म्हणजे सर्व खापर आजीबाईंच्या माथी मारता येणार नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे की, या सगळ्या इतिहासात आईचे प्रेम कधी कमी पडलेले दिसत नाही. कमी पडली ती तिच्या भोवतीची व्यवस्था. कधी ग्रंथाने तिला अडवले, कधी घड्याळाने, कधी गिरणीच्या भोंग्याने. व्यवस्था सुधारली तेथे फळ दिसले. १९२९ साली मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतील बायकांसाठी प्रसूतिलाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा दिला होता. १९६१ च्या कायद्याने कामावरील आईला मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी दिली. आणि ज्या आईला खरोखरच दूध येत नाही, किंवा जिचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे, तिच्यासाठी मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी निघाली. तिला दोष देण्यापेक्षा हे किती अधिक उपयोगाचे!

रायगडची हिरकणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. संध्याकाळी गडाचे दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हे मूल, म्हणून ती कडा उतरून गेली, अशी कथा आहे. तिच्या नावाचे कक्ष आज एस. टी. स्थानकांत आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण कथा ऐकताना आपण कड्याकडे पाहतो आणि बंद दरवाजा विसरतो. आपल्या घरात उद्या कोणी बाळंत होईल, तेव्हा तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता बाळ तिच्या कुशीत द्यावे, "दूध नाही" हा शब्द तिच्या कानी घालू नये, आणि तिच्या वाटचे काम चार दिवस आपण उचलावे. दरवाजा उघडा ठेवणे म्हणतात ते याहून फार मोठे काही नाही.