तळटीप १२ : अपील प्रलंबित असताना जामीन
१२. ‘कश्मीरा सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा सर्वोच्च न्यायालयाचा १९७७ सालचा निवाडा, तो न्या. पी. एन. भगवती यांनी लिहिला. खुनासाठी जन्मठेप झालेल्या कैद्याला अपील प्रलंबित असताना सहसा जामीन मिळत नसे. अपील वाजवी मुदतीत निकाली निघेल, या गृहीतकावर ही प्रथा उभी होती. ते गृहीतकच खरे उरले नाही, तर प्रथेला आधार उरत नाही, हा निवाड्याचा गाभा. शिक्षा स्थगित करण्याचा अधिकार तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३८९मध्ये होता. १ जुलै २०२४पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३०मध्ये आहे. दोषी ठरलेल्याला निर्दोषत्वाच्या गृहीतकाचा लाभ मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा जामीन आपोआप मिळत नाही. न्यायालयाला लेखी कारणे द्यावी लागतात आणि गंभीर गुन्ह्यांत सरकारी वकिलाला विरोधाची संधी असते. कैदी पळून जाण्याची किंवा फिर्यादीला धोका होण्याची भीतीही न्यायालयाने तोलायचीच असते. परंतु अपील हा कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि विलंबाचा दोष कैद्याचा नसताना त्याची किंमत मात्र तोच मोजतो. दहा वर्षांनी निर्दोष ठरलेल्याला ती वर्षे कोणतेही न्यायालय परत देऊ शकत नाही. उलट अपील फेटाळले गेले, तर जामिनावरील कैद्याला उरलेली शिक्षा भोगायला परत पाठवता येते. पहिली चूक सुधारता येत नाही, दुसरी येते. म्हणून दीर्घ विलंबात न्यायाचा कल जामिनाकडे असायला हवा.